शनिवारी रंगवलेला चॅम्पियन

श्रीपती गजभारे कुठलाही चेहरा रंगवायला घेतला की आधी डोळे करायचा. नाक-ओठ चुकले तर झाकता येतात, डोळे चुकले तर अख्खा पत्रा धुवावा लागतो, असं त्याला उस्ताद रहमतभाईंनी शिकवलं होतं. उस्तादांच्या हाताखाली त्याची पंधरा वर्षं सिनेमाचे बॅनर करण्यात गेली. हैदराबाद-सिकंदराबादच्या थिएटरांवर दोन-दोन माणसांच्या उंचीचे नायक त्याने उभे केले होते. उस्ताद गेले तेव्हा दिल्लीत सरकारने व्यापाराची दारं उघडली होती, आणि शहराच्या चौकाचौकांत परदेशी कोल्ड्रिंकांचे, टीव्हीचे, इंजिन ऑइलचे बोर्ड चढायला लागले होते. श्रीपतीने विद्यानगरच्या रेल्वे रुळांच्या अलीकडे एक मोकळी जागा भाड्याने घेतली, वर पत्र्याचं छप्पर टाकलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. काम चांगलं चालू होतं. नल्लकुंट्यात दोन खोल्यांचं घर होतं आणि बायको रेणुका कापडाच्या दुकानात हिशेब सांभाळायची. कुणाचं काही वाईट व्हावं असं त्या घरात काही नव्हतं.

शहाण्णव सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी सौरभ आला. जाहिरात एजन्सीतला पोरगा, मूळ पुण्याचा, कमरेला पेजर. श्रीपती मराठी बोलतो हे कळल्यापासून तो कामं त्यालाच द्यायचा.

"काका, अर्जंट आहे. शनिवारी संध्याकाळी टेम्पो पाठवतो."

त्याने पाकिटातून फोटो काढला. रेसच्या कपड्यांतला एक गोरा तरुण, काखेत हेल्मेट, ओठांवर अर्धं हसू. श्रीपतीने त्याला लगेच ओळखलं. बंगळूरचा डेरिक. मोटारसायकल कंपनीच्या टीमचा पहिला रायडर.

"गळ्यात मोठा हार काढा. खाली लिहायचं, दख्खन डर्ट-ट्रॅक चॅम्पियन, एकोणीसशे शहाण्णव. आणि कोपऱ्यात ऑइलचा डबा."

श्रीपतीच्या हातातला फोटो तसाच राहिला. "साहेब, शेवटची रेस तर रविवारी आहे."

"म्हणूनच." सौरभ हसला. "सोमवारी सकाळी पंजागुट्ट्याच्या चौकात बोर्ड चढलेला पाहिजे. सोमवारी रंगवायला घेतलात तर वाळणार कधी आणि लावणार कधी?"

"आणि दुसराच कुणी जिंकला तर?"

तेवढ्यात पेजर वाजला. सौरभने खाली मान घालून निरोप वाचला आणि निघता निघता म्हणाला, "ते आम्ही बघू काका. तुम्ही फक्त बाहेर कुठं बोलू नका."

तो गेल्यावर श्रीपती बराच वेळ रिकाम्या पत्र्यासमोर बसून राहिला. त्या चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या नंबरावर डेरिक नव्हताच. पहिल्या नंबरावर होता रवी. श्रीपतीच्या थोरल्या बहिणीचा, सरुबाईचा, एकुलता एक मुलगा.

हे सौरभला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

गजभाऱ्यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, बिलोलीच्या बाजूला. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जळाली. जाळणारे कोण ते गावातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं, पण खटला उभा राहिला तेव्हा कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. श्रीपतीचे वडील तेव्हा पोरांना घेऊन हैदराबादला आले ते परत गेले नाहीत. मरेपर्यंत ते एकच म्हणायचे, "निकाल आधी लागतो बाबा. सुनावणी मागून होते." सरुबाईचा नवरा आर.टी.सी.त बस चालवायचा. तो गेल्यावर त्याच्या जागी रवीला डेपोच्या वर्कशॉपमध्ये घेतलं. दिवसभर बसची इंजिनं, संध्याकाळी स्वतःची जुनी टू-स्ट्रोक गाडी. तिच्यावर बसून रवी आधी मित्रांशी पैज लावून पळाला, मग छोट्या रेसेसमध्ये, आणि त्या वर्षी थेट या चॅम्पियनशिपमध्ये. कंपनीवाल्यांकडे तंबू, मेकॅनिक, नव्या गाड्या. रवीकडे मामाने रंगवलेलं हेल्मेट आणि डेपोतले दोन दोस्त. तरी पहिल्या चार रेसेसनंतर गुण त्याचेच जास्त झाले होते. आता शेवटची रेस हैदराबादेत, गच्चीबावलीच्या पुढच्या खडकाळ माळावर. पहिल्या तिघांत आला तरी चॅम्पियन तोच. आणि चॅम्पियनला पुढच्या वर्षी कंपनीच्या टीममध्ये जागा, असं बोललं जात होतं.

श्रीपतीने काम नाकारलं नाही. शुक्रवारी सकाळी त्याने पत्र्यावर खडूने चौकडी आखली आणि डोळे काढायला घेतले. हात शिकवल्यासारखा चालत होता. डोळे इतके चांगले उतरले की त्याचं त्यालाच ते बघवेना.

जेवताना त्याने रेणुकाला सांगितलं.

"दुसऱ्या कुणाकडं रवीचाही करायला दिला असेल," ती म्हणाली.

"दुसरं कोण आहे? या एजन्सीचं सगळं काम माझ्याकडंच येतं."

"मग तयारी म्हणून करून ठेवत असतील. नाही लागला तर पत्रा पुसतील."

"मी विचारलं त्याला. ते आम्ही बघू म्हणाला. आणि बाहेर बोलू नका म्हणाला. तयारीच असती तर लपवायचं कशाला?"

रेणुकाने पोळी तव्यावरून उतरवली. "खरं असो का खोटं, रेस होईपर्यंत त्या लेकराच्या कानावर घालू नका. त्याला पळू द्या. नंतर काय भांडायचं ते भांडू."

श्रीपतीने मान हलवली. पण शनिवारी डेपोतला एक दोस्त निरोप घेऊन आला: गाड्यांच्या तपासणीत रवीचा कार्ब्युरेटर खोलून पाहिला, पुन्हा लावला, पुन्हा खोलला. डेरिकच्या गाडीला हातसुद्धा लावला नाही. तपासणीचे साहेब दुपारी कंपनीच्याच तंबूत जेवले. श्रीपतीने हे ऐकलं आणि हाराची शेवटची फुलं रंगवली. संध्याकाळी टेम्पो आला. हमालांनी ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून पत्रा तिरका धरून चढवला आणि डेरिक आकाशाकडे बघत हसत गेला.

रविवारी माळावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. टँकर पाणी मारून जायचा आणि पुढच्याच फेरीत धूळ पुन्हा उठायची. एका बाजूला कंपन्यांचे पांढरे शामियाने, दुसऱ्या बाजूला बांबूंच्या कुंपणामागे उभे लोक. सरुबाई आली नव्हती. ती शाळेत आया होती, सुट्टीचा दिवस होता, पण पोराला गाडीवर बघवत नाही म्हणून ती रेसच्या दिवशी घरीच राहायची.

शेवटच्या रेसआधी रवी गाडीजवळ उकिडवा बसून चेनला तेल घालत होता. तो शांत होता. त्या दिवसाइतकं शांत श्रीपतीने त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मामा, तोंड का असं झालंय तुझं?"

"कुठं काय."

"मी डेरिकच्या मागं मागं जाणार आहे आज," रवी हळूच म्हणाला. "त्याला जिंकू दे. दुसरा आलो तरी बस्स आहे मला. उगं जीव कशाला काढायचा?"

श्रीपतीने शामियान्याकडे पाहिलं. तपासणीचे साहेब डेरिकच्या मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. त्याला वडील आठवले. पोरगं दुसरं यायला निघालंय आणि यांनी बोर्डसुद्धा करून ठेवलाय. दुसरं आलं तर काहीतरी खुसपट काढतील, कार्ब्युरेटर पुन्हा खोलतील, आणि पोराला कळणारसुद्धा नाही आपण कशात हरलो.

"रव्या, दुसरं येऊन भागणार नाही," तो म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. फोटो, हार, खालची अक्षरं, सोमवारची पंजागुट्ट्याची जागा.

रवी उठला. तेलाची बाटली त्याने नीट झाकण लावून ठेवली. "तू स्वतः रंगवलास?"

"मीच."

"त्याचं नाव लिहिलंस? चॅम्पियन म्हणून?"

"हौ."

रवीने हेल्मेट घातलं. काचेआड त्याचे डोळे दिसेनासे झाले.

रेस सुरू झाली. डेरिक पहिला, रवी त्याच्या मागे, तिसरा बराच लांब. तसंच चालू राहिलं असतं तर चॅम्पियन रवीच होता. पण रवी मागे राहायला तयार नव्हता. प्रत्येक वळणावर तो डेरिकच्या चाकाला चाक भिडवायचा, घसरायचा, पुन्हा भिडवायचा. कुंपणाला धरून उभे लोक ओरडत होते. डेपोतले दोस्त हात हलवून थांब थांब म्हणत होते, पण गाडीवरच्या माणसाला ते कुठून दिसणार? शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या तेव्हा दूरच्या वळणावर रवीने बाहेरून गाडी घातली. श्रीपती बरोबर त्याच बाजूला उभा होता. तिथे जागा नव्हती. जागा नाही हे त्याने स्वच्छ पाहिलं. रवीची गाडी कडेच्या मातीच्या बांधाला लागली, उडाली, आणि खाली आली ती रवीच्या उजव्या पायावर.

डेरिकने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला बहुधा कळलंच नव्हतं.

सोमवारी श्रीपती बसने दवाखान्यात निघाला. पंजागुट्ट्याला बस सिग्नलला थांबली. बोर्ड चढला होता. शेजारी बसलेल्या बाईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "किती छान काढलंय ना, जिवंत वाटतो." श्रीपती तिथेच उतरला आणि पुढचं अंतर चालत गेला.

रवीचा गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही. डेपोने त्याला वर्कशॉपमधून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. आणि त्या खिडकीतून तो ती गोष्ट सांगू लागला. ड्रायव्हरांना, कंडक्टरांना, सुटे भाग घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला. पूरी सेटिंग होती. रेसच्या आदल्या दिवशी चॅम्पियन रंगवून तयार होता. खोटं वाटतं? माझ्या मामाने स्वतःच्या हातांनी रंगवलाय, विचारा त्याला. मग लोक श्रीपतीकडे यायचे. श्रीपती सांगायचा: फोटो, हार, अक्षरं, टेम्पो. जे घडलं तेच सांगायचा, एकही शब्द जास्तीचा नाही. फक्त त्या वळणावर जागा नव्हती हे तो सांगायचा नाही. ते कुणी विचारायचंही नाही.

एका तेलुगू पेपरच्या बातमीदाराने ते छापलं. नाव न देता, "एक पेंटर म्हणाला" असं. दोन दिवसांनी शेजारच्या एस.टी.डी. बूथवर श्रीपतीला फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. इंग्रजाळलेलं हिंदी होतं आणि फार अदब होती.

"श्रीपतीजी, आप तो आर्टिस्ट आदमी हैं. ब्रश चलाते रहिए. ज़ुबान क्यों चलाते हैं?"

"कौन बोल रहे?"

"शहर में ऊँची-ऊँची सीढ़ियों पे चढ़ते हैं आप. सँभल के चढ़िए."

फोन ठेवला गेला. त्यानंतर कित्येक महिने श्रीपती शिडीवर चढण्याआधी प्रत्येक पायरी हाताने दाबून पाहायचा. एजन्सीचं काम बंद झालं. सौरभ एकदा आबिड्सला समोरून येताना दिसला आणि रस्ता ओलांडून गेला. आता तर शंकेला जागाच राहिली नव्हती. निर्दोष माणसं धमक्या देतील कशाला? आपलं बरोबर होतं, या एका विचारावर श्रीपतीने ते दिवस काढले. आपण पोराला सांगितलं ते बरोबर होतं.

पण घरी कुणी रेसचा विषय काढला की रेणुका उठून आत जायची.

मग छापील फ्लेक्स आले. हाताने दोन-तीन दिवस लागणारं काम मशीन एका दुपारी ओकून टाकायचं. रंगवणारे एकेक करून पांगले. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना चुना लावायला लागला. श्रीपती गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि दुकानांच्या शटरवरची नावं करून दिवस काढत होता. असाच एकदा तो बेगम बाजारात ब्रश घ्यायला गेला, तर दुकानाच्या ओट्यावर यादगिरी बसलेला. तोही जुना बॅनरवाला, चिक्कडपल्लीचा. आता या दुकानात माल मोजून द्यायचा. दोघांनी चहा मागवला आणि जुन्या कामांच्या गोष्टी निघाल्या.

"वो रेसवाला बोर्ड तुमीच बनाए थे ना, पंजागुट्टा में?" यादगिरीने विचारलं. "अच्छा था. आँखाँ क्या बनाए भाई."

"हौ."

"मैं भी एक बनाया था, उसीच रेस का. मेरा लगाएच नहीं."

श्रीपतीने कप खाली ठेवला. "किसका?"

"वो लंगड़ा हो गया ना बिचारा, उसका. हार-वार, चॅम्पियन, सब लिखा था मैं. वो पेजरवाला पोट्टा लाके दिया था, पूना का. बोला, दो जगह से बनवा रहे, जो जीता उसका चढ़ाएँगे. किसी को बोलना नक्को, नई तो दोनों रायडराँ का दिमाग ख़राब होता."

श्रीपतीला समोरची गर्दी, हातगाड्या, मिरच्यांची पोती, काही दिसेनासं झालं. त्याने विचारलं, "कहाँ है वो?"

यादगिरी त्याला घरी घेऊन गेला. अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणीघराला आडोसा म्हणून दोन पत्रे ठोकले होते. एक आडवा, एक उलटा. साबणाच्या पाण्याने खालचा रंग उडाला होता, गंज चढला होता. पण उलट्या पत्र्यावर रवीचा चेहरा ओळखू येत होता. कपाळ खाली, हनुवटी वर, आणि तोंडभर हसू. यादगिरीचा हात श्रीपतीइतका सफाईदार नव्हता, तरी त्या हसण्यात त्याने काहीतरी खरं पकडलं होतं. श्रीपतीने मान वाकडी करून खालची अक्षरं वाचली. आतून कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला आणि पत्र्याच्या फटीतून पाणी वाहून आलं.

मग तो फोन कुणाचा होता? कार्ब्युरेटर दोनदा का खोलला? साहेब त्या तंबूत का जेवले? सौदा नव्हताच, असं काही त्या पत्र्याने सिद्ध होत नव्हतं. बदनामी झाली म्हणून चिडलेला माणूसही तसा फोन करतो आणि चोरी पकडली गेलेलाही करतो. पण ज्या एका गोष्टीवर श्रीपतीने भाच्याचा शांतपणा मोडला होता, तेवढी गोष्ट मात्र तिथे खोटी ठरून न्हाणीला ठोकलेली होती.

घरी आल्यावर त्याने रेणुकाला सांगितलं.

"रवीला सांगणार?"

"सांगावं लागंल."

"तेव्हाही तुम्हाला असंच वाटलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

रविवारी तो बहिणीकडे गेला. रवी पाय लांब करून भिंतीला टेकून बसला होता. सरुबाई शेंगा निवडत होती. श्रीपतीने यादगिरीचं सगळं सांगितलं, पत्र्यासकट, आणि त्या दिवशी गाडीजवळ बोलायला आपण घाई केली असंही म्हणाला. रवीने शेवटपर्यंत ऐकलं.

"मागून करून घेतला असंल त्यांनी," तो म्हणाला. "पेपरात आलं ना, त्यावर. दाखवायला."

"मागून केला असता तर दाखवला असता की कुणाला तरी. तो न्हाणीला ठोकलाय रव्या."

"मग त्या यादगिरीला पैसे दिले असतील."

"आता? इतक्या वर्षांनी? त्याला कोण देतंय?"

रवी मामाकडे बघत राहिला. त्याची नजर हळूहळू बदलत गेली आणि ती बदलताना श्रीपतीला दिसली. चेहरे करण्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

"तुला किती दिले मामा?"

"काय बोलतोस?"

"एजन्सीचं काम पुन्हा सुरू झालं काय तुझं? इतकी वर्षं तू एक सांगत होतास. आज येऊन दुसरंच सांगलालास. मी येडा आहे का?"

"अरे, मी कशाला..."

"थांब," सरुबाई म्हणाली. ती मुलाशी नाही, भावाशी बोलत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "त्या दिवशी, गाडीवर बसायच्या आधी, तू याला हे सांगितलंस?"

तिला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ती गोष्ट सांगितली गेली, पण मामाने बोर्ड रंगवला एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कधी सांगितलं, हे कुणी बोललं नव्हतं.

"हौ अक्का."

"पळायच्या आधी?"

"हौ."

सरुबाई उठली आणि आत गेली. ती परत बाहेर आली नाही. रवी भिंतीकडे तोंड करून बसला. श्रीपतीने पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता. मग तो उठला, चपला घातल्या आणि निघाला.

त्या दिवसापासून बहिणीच्या घरचं येणं-जाणं तुटलं. बुद्धजयंतीला विहारात ती दिसायची, बायकांच्या रांगेत, पांढऱ्या साडीत. श्रीपती जयभीम करायचा, तीही हात जोडायची, पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जायची. रेणुकाशी मात्र ती बोलायची.

नंतर दिलसुखनगरला एका शटरचं काम निघालं. दुपारी श्रीपती शेजारच्या इराणी हॉटेलात चहा प्यायला बसला. टेबलावर समोर एक रिक्षावाला होता. हॉटेलातल्या टीव्हीवर कुठल्यातरी देशातली मोटारींची रेस लागली होती.

"सब फ़िक्स रहता चाचा ये," रिक्षावाला टीव्हीकडे बोट करून म्हणाला. "हमारे हैदराबाद में हुआ था. आर.टी.सी. का एक लड़का था, नंबर वन. कंपनी वाले उसका पैर तुड़वा दिए."

श्रीपतीने विचारलं, "कैसे?"

"उसका मामाच मिला हुआ था. पेंटर था. कंपनी से पैसा खाया, और रेस से ठीक पहले लड़के के कान में कुछ तो भी बोल के उसका दिमाग फिरा दिया. सगा मामा, देखो."

"किसने बताया तुमको?"

"सब को मालूम है चाचा."

टीव्हीवर गाड्या एकामागून एक वळण घेत होत्या. रिक्षावाल्याने चहा संपवला, पैसे ठेवले आणि सलाम करून निघून गेला. श्रीपतीच्या चहावर साय धरली होती. त्याने ती बोटाने बाजूला केली, चहा प्यायला, आणि अर्धवट राहिलेलं शटर पुरं करायला उठला.